दोन टक्के आणि उरलेले अठ्ठ्याण्णव: सीएसआर आणि शाश्वत विकासाचे नाते

‘सीएसआरमधून (म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून) काही होईल का?’ हा प्रश्न आता खान्देशातील जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सरपंच, मुख्याध्यापक आणि संस्थाचालक सर्रास विचारतात. शाळेला वर्गखोली हवी असो, गावाला शुद्ध पाण्याचे यंत्र हवे असो किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला एखादे उपकरण, शासनाचा निधी अपुरा पडला की नजर कंपन्यांकडे वळते. त्यात गैर काही नाही. मात्र हा पैसा कोणत्या कायद्याने येतो, तो कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही, आणि ज्या शाश्वत विकासाचे नाव घेऊन तो खर्च होतो त्याच्याशी त्याचा खरोखर किती संबंध आहे, याची उत्तरे बहुतेकांना नीट सांगितली गेलेली नाहीत. यातला कायदा समजायला सोपा आहे. नाते समजायला थोडा वेळ द्यावा लागतो, कारण ते वरून दिसते तितके सरळ नाही.

आधी कायदा पाहू. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची आधीच्या आर्थिक वर्षातील नक्त मालमत्ता (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी रुपये किंवा अधिक आहे, अथवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा अधिक आहे, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक आहे, त्या कंपनीला सामाजिक दायित्वाचे हे कलम लागू होते. तिन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागत नाहीत, एक पुरेशी आहे. अशा कंपनीने लगतच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलेल्या कामांवर खर्च करायची असते. भूक, गरिबी आणि कुपोषण यांचे निर्मूलन, आरोग्य, स्वच्छता, पिण्याचे पाणी, शिक्षण आणि कौशल्ये, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचे जतन, वारसा आणि कला, खेळ, ग्रामविकास, आपत्ती व्यवस्थापन असे विषय त्या अनुसूचीत आहेत. असा कायदा करणारा भारत हा जगातील पहिला देश, असे अनेकदा छापून येते. ते तितकेसे बरोबर नाही, कारण मॉरिशसने २००९ मध्येच नफ्याच्या २ टक्क्यांची तरतूद केली होती. पण एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेत हे बंधन घालण्याचा प्रयोग आपल्याकडेच झाला, हे खरे.

हिशेब कसा होतो, हे एका काल्पनिक कंपनीवरून पाहावे. समजा, तिचा गेल्या तीन वर्षांचा निव्वळ नफा अनुक्रमे ८ कोटी, १० कोटी आणि १२ कोटी रुपये आहे. सरासरी १० कोटी, आणि तिचे दोन टक्के म्हणजे २० लाख रुपये. या वीस लाखांपैकी प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे एक लाखापेक्षा जास्त, रक्कम दाखवता येत नाही. दायित्वाची रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने वेगळी सीएसआर समिती नेमण्याची सक्ती नाही, संचालक मंडळच निर्णय घेऊ शकते. वर्षात पैसे खर्च झाले नाहीत तर पूर्वी कारण सांगून सुटता येत असे. २०२१ पासून तसे राहिलेले नाही. काम अनेक वर्षांचे असेल तर उरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर तीस दिवसांत बँकेतील स्वतंत्र खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्च करावी लागते. तसे काम नसेल तर ती सहा महिन्यांच्या आत अनुसूचीत नमूद केलेल्या पंतप्रधान सहायता निधीसारख्या निधीत जमा करावी लागते. हे न केल्यास जी रक्कम भरायची राहिली तिच्या दुप्पट किंवा एक कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढा दंड कंपनीला होतो, आणि जबाबदार अधिकाऱ्यांनाही वेगळा दंड होतो. थोडक्यात, ज्याला आपण अजूनही ‘देणगी’ म्हणतो ती आता देणगी राहिलेली नाही. त्यामुळे तो पैसा मागताना हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही आणि तो स्वीकारताना प्रश्न विचारण्यात उद्धटपणाही नाही.

आता खान्देशाचा प्रश्न. आपल्याकडे हा पैसा तुलनेने कमी का दिसतो? कायद्याने कंपनीला ज्या परिसरात ती काम करते त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगितले आहे. केंद्र शासनाच्या खुलाशानुसार हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, सक्तीचे नाही. तरीही स्वाभाविकपणे कंपन्या आपल्या कारखान्यांच्या आणि मुख्यालयांच्या आसपास खर्च करतात. मोठ्या कंपन्यांचे कारखाने आणि मुख्यालये मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात दाटलेली असल्यामुळे पैशाचा ओघही तिकडेच राहतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. कलम १३५ फक्त कंपनी कायद्याखालील कंपन्यांना लागू होते. जळगावच्या डाळ मिला, चटईचे आणि पाइपचे लहान कारखाने, धुळ्यातील तेल गिरण्या, नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी यांतील बहुसंख्य उद्योग एकल मालकीचे किंवा भागीदारीतले आहेत. सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या आणि दूध संघ सहकारी संस्थांच्या कायद्याखाली नोंदलेले आहेत. या कोणालाही दोन टक्क्यांचे बंधन नाही. खान्देशाच्या अर्थकारणाचा मोठा भाग ज्या व्यवसायांवर चालतो, ते या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली नाही तर ‘आमच्याकडे एवढे उद्योग आहेत, मग सीएसआर कुठे जातो’ या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही.

या उद्योगांना कायद्याचे बंधन नाही, म्हणून त्यांची सामाजिक जबाबदारी संपते का? इथेच विषयाचा गाभा सुरू होतो.

शाश्वत विकास या कल्पनेची सर्वाधिक उद्धृत केली जाणारी व्याख्या १९८७ ची आहे. नॉर्वेच्या पंतप्रधान राहिलेल्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने असे म्हटले की, भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या पिढीच्या गरजा भागवणारा विकास म्हणजे शाश्वत विकास. पुढे १९९२ ची रिओ परिषद झाली आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत गाठायची १७ उद्दिष्टे आणि त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये ठरवली. भूकमुक्ती, शिक्षण, पाणी, ऊर्जा, सन्मानाचे काम, जबाबदार उत्पादन आणि उपभोग, हवामानविषयक कृती, जमिनीवरील जीवसृष्टी अशी ती उद्दिष्टे आहेत. या व्याख्येत ‘गरजा’ हा शब्द जितका महत्त्वाचा तितकीच ‘क्षमता’. रावेर-यावल पट्ट्यातील शेतकऱ्याला आज केळीसाठी पाणी हवे आहे, ही गरज. त्याच्या नातवाला त्याच जमिनीखाली पाणी सापडायला हवे, ही क्षमता. या पट्ट्यात भूजलाची पातळी गेली कित्येक दशके खाली खाली जात आहे आणि विहिरींची जागा खोल कूपनलिकांनी घेतली आहे. तेव्हा ही व्याख्या आपल्याला परदेशातून समजून घ्यावी लागत नाही. ती आपल्या शिवारातच दिसते.

सातवी अनुसूची आणि ही सतरा उद्दिष्टे शेजारी ठेवून वाचली तर बरेच साम्य आढळते. कुपोषण, आरोग्य, शिक्षण, पाणी, समानता, पर्यावरण हे विषय दोन्हीकडे आहेत. त्यामुळे कंपन्यांच्या अहवालांत प्रत्येक कामापुढे उद्दिष्टाचा क्रमांक आणि रंगीत चौकोन छापण्याची पद्धत पडली आहे. शाळेला बाके दिली की चौथे उद्दिष्ट, झाडे लावली की पंधरावे. हे वाचताना नाते जुळल्यासारखे वाटते. मात्र आठवे उद्दिष्ट, म्हणजे सन्मानाचे काम, आणि बारावे, म्हणजे जबाबदार उत्पादन, ही दोन उद्दिष्टे या चौकटीत नीट बसत नाहीत आणि त्याचे कारण कायद्यातच आहे. सीएसआरच्या नियमांनी काही गोष्टी स्पष्टपणे वगळल्या आहेत. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम सीएसआर ठरत नाही. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम ठरत नाही. मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व ठरत नाही, राजकीय पक्षाला दिलेली रक्कम ठरत नाही, आणि अन्य कायद्याने जे करणे बंधनकारकच आहे तेही ठरत नाही.

शेवटचा अपवाद उदाहरणाने स्पष्ट होईल. कारखान्याने आपले सांडपाणी शुद्ध करणे हे १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने आवश्यक आहे, म्हणून त्या संयंत्राचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या राखेचा वापर करून ती संपवणे हे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १९९९ पासूनच्या अधिसूचनांनी बंधनकारक केलेले आहे, म्हणून तेही समाजकार्य नव्हे. हे अपवाद योग्यच आहेत. ते नसते तर जे करणे भागच आहे त्यालाच उपकाराचे रूप दिले गेले असते.

पण याचा परिणाम असा होतो की कायद्यातला सीएसआर नफा मिळाल्यानंतर सुरू होतो. नफा कसा मिळवला, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. शाश्वत विकासाचा पहिला प्रश्न मात्र नेमका तोच आहे: माल कशापासून बनला, पाणी किती ओढले, कचरा कुठे गेला, कामगाराला मजुरी किती आणि केव्हा मिळाली, माल देणाऱ्या शेतकऱ्याचे पैसे किती दिवस अडकले. वरच्या काल्पनिक कंपनीचे वीस लाख आपण मोजले. त्या वीस लाखांच्या मागे दहा कोटींचा नफा आहे आणि त्या नफ्याच्या मागे त्याहून कितीतरी मोठा व्यवहार आहे. दोन टक्क्यांतून एका गावाला पिण्याचे पाणी दिले आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या व्यवहारात त्याच पाणलोटातील भूजल उपसले, तर हिशेबाच्या वहीत दायित्व पूर्ण होते. शिवारात ते अपुरेच राहते. माझ्या मते सीएसआर आणि शाश्वत विकास यांच्या नात्याबद्दल सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि सीएसआरच्या कार्यक्रमांत ती क्वचितच बोलली जाते.

ही उणीव शासनाच्या आणि बाजार नियामकांच्या लक्षात आलेली नाही, असे नाही. २०१९ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये सेबीने ठरवले की बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांनी व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा. २०२२-२३ या वर्षापासून तो बंधनकारक झाला. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून बीआरएसआर म्हणतात. त्यात कंपनीने किती पाणी घेतले आणि किती वापरले, किती वीज आणि इंधन लागले, किती हरितगृह वायू सोडले, किती कचरा निर्माण झाला आणि त्याचे काय केले, कामगारांना किती वेतन मिळाले, स्त्री कर्मचाऱ्यांचे प्रमाण किती, तक्रारी किती आल्या, असे आकडे द्यावे लागतात. सीएसआरचा अहवाल दोन टक्क्यांविषयी असतो. बीआरएसआर उरलेल्या व्यवहाराविषयी बोलतो. दोन्ही अहवाल एकत्र वाचल्याशिवाय कोणत्याही कंपनीच्या सामाजिक जबाबदारीविषयी मत बनवू नये.

सहकारी कारखान्यांना आणि लहान उद्योगांना यातले काहीच लागू नाही, पण जबाबदारीची मोजपट्टी त्यांनाही लावता येते. ऊस तोडून नेल्यावर चौदा दिवसांत रास्त आणि किफायतशीर दराने पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. जो कारखाना हे वेळेवर पाळतो, मळीचे आणि सांडपाण्याचे नीट करतो, आणि तोडणीला आलेल्या मजुरांच्या मुलांची शाळा सुटू देत नाही, तो दोन टक्क्यांच्या बंधनात नसतानाही शाश्वत विकासाच्या जवळ आहे. नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव भागातून शेकडो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातेत आणि इतरत्र जातात. त्यांच्या मुलांना दिलेली दप्तरे चांगली आहेत, पण आईवडिलांना मिळणारा दर आणि त्यांच्या उचलीचा हिशेब हा मूळ प्रश्न आहे. तो कोणत्याही अनुसूचीत नाही.

व्यवसायाच्या गाभ्यातून समाजाचे भले कसे होऊ शकते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. जळगावात भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित केळीची रोपे शेतकऱ्यांपर्यंत नेली. हा दानधर्म नव्हता. ते विकण्याचे उत्पादन होते. केळीच्या बागेत पूर्वी पाट भरून पाणी सोडत, सऱ्या तुडुंब होत आणि बरेचसे पाणी मुळांपर्यंत न पोहोचताच जाई. आता दोन ओळींच्या बेतात टाकलेल्या नळ्यांमधून ठरावीक अंतरावर थेंब पडतात, खतही त्याच पाण्यातून मुळाशी जाते, आणि बाग एकसारखी निसवते. यातून पाणी वाचले, उत्पादन वाढले, उद्योगही वाढला. कलम १३५ जन्माला येण्याच्या कितीतरी आधी हे सुरू झाले होते. मात्र इथे एक इशारा द्यायला हवा. ठिबकने एका एकरातले पाणी वाचते. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली, तर जमिनीखालून उपसलेले एकूण पाणी कमी होत नाही, उलट वाढूही शकते. तंत्रज्ञान एकट्याने शाश्वतता आणत नाही. किती क्षेत्र लावायचे, याचा सामूहिक निर्णय त्याच्या जोडीला लागतो.

सामूहिक निर्णय म्हटल्यावर पांझरा नदीवरची फड पद्धत आठवल्याशिवाय राहत नाही. साक्री आणि धुळे तालुक्यांत ही पद्धत तीनशेहून अधिक वर्षे चालली, असे अभ्यासक मानतात. तिची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. नदीवर दगडी बंधारा घालायचा. त्यातून पाट काढून पाणी निव्वळ उताराने, कोणत्याही यंत्राशिवाय, शिवारात आणायचे. ज्या क्षेत्राला पाणी मिळते ते थळ. त्या थळाचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड, पाडायचे, आणि एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे: एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा भात, तिसऱ्यात ज्वारीसारखे हंगामी पीक. पुढच्या वर्षी फेरपालट. पाण्याची पाळी ठरलेली, ती सोडायला पाटकरी, शिवार राखायला जागल्या, आणि पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा, पण तो निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा. दगडी बंधारे एवढी वर्षे टिकले, यापेक्षा त्यांच्यामागचे नियम एवढी वर्षे टिकले, हे मला अधिक मोलाचे वाटते. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, प्रत्येकाला स्वतःचे पाणी मिळाल्यासारखे वाटू लागले, आणि ही पद्धत अनेक ठिकाणी क्षीण झाली. बंधारा शिल्लक आहे, पण त्याला चालवणारी माणसांची व्यवस्था उरलेली नाही, असे चित्र काही गावांत दिसते.

सीएसआरच्या कामांचे दुखणे याच ठिकाणी आहे. पैसा बांधकामाला मिळतो, व्यवस्थेला मिळत नाही. सिमेंटचा बंधारा दिसतो, त्यावर फलक लावता येतो, त्याचे छायाचित्र अहवालात छापता येते. गाळ काढण्याची दर उन्हाळ्याची व्यवस्था, पाणीवाटपाची बैठक, नोंदवही ठेवणारा माणूस यांचे छायाचित्र निघत नाही. नियमांनीही यात थोडी भर घातली आहे. अनेक वर्षांच्या ‘चालू प्रकल्पा’ची मर्यादा सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांची आहे. भूजल भरून येणे, डोंगरउतारावर गवत आणि झाडे धरणे, एखाद्या पाड्यातील कुपोषण कमी होणे यांपैकी कशालाही तेवढा काळ पुरत नाही. शिवाय सीएसआरमधून तयार झालेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेच्या, लाभार्थ्यांच्या गटाच्या किंवा ग्रामपंचायतीसारख्या सार्वजनिक संस्थेच्या नावावर करावी लागते. ही तरतूद चांगली आहे, पण तिचा दुसरा अर्थ असा की चौथ्या-पाचव्या वर्षी मोटार जळाली किंवा गाळणी बदलायची वेळ आली की जबाबदारी गावाची असते. त्याची तयारी पहिल्या दिवशी झालेली नसेल तर शुद्ध पाण्याचे यंत्र धूळ खात पडते. अशी बंद यंत्रे आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिली आहेत.

शिरपूर तालुक्यातील जलसंधारणाचे काम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. २००४ च्या सुमारास भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि तेव्हाचे स्थानिक आमदार अमरिशभाई पटेल यांच्या पुढाकाराने, तिथल्या सहकारी सूतगिरणीचे पाठबळ घेऊन, नाले रुंद आणि खोल करून त्यांवर एकामागून एक बंधारे बांधण्यात आले. तापीकाठच्या गाळाच्या प्रदेशात वरचा पिवळ्या मातीचा थर पाणी मुरू देत नाही, म्हणून तो थर ओलांडून खालच्या वाळूपर्यंत पाणी पोहोचवायचे, असा त्यामागचा विचार होता. हे काम खान्देशाच्या भूगर्भाकडे पाहून केलेले होते. पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने जिथे तिथे नाले खोदले जाऊ लागले, तेव्हा भूजलतज्ज्ञांनी इशारा दिला की खडकाची आणि जलधराची (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थराची) रचना न तपासता केलेली खोदाई उलट नुकसान करू शकते. उपक्रमाची नक्कल करणे सोपे असते, त्यामागचा अभ्यास करणे कठीण. सीएसआरचा पैसा कोणत्याही गावी नाला खोलीकरणाला देताना पहिला खर्च भूजलाच्या पाहणीवर झाला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन. एखाद्या उत्साही संचालकाला तो वायफळ खर्च वाटेल, पण तोच सर्वांत जास्त वसूल होणारा खर्च आहे.

पैसा कमी आणि व्यवस्था भक्कम असेल तर काय होते, हे साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने दाखवले. चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने जंगल राखण्याचे नियम स्वतः ठरवले, कुऱ्हाडबंदी केली, पाणी अडवले, आणि उजाड झालेल्या डोंगरांवर पुन्हा जंगल उभे केले. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली. अशा गावात कोणत्याही कंपनीने पैसा दिला तर तो टिकेल, कारण तो धरून ठेवणारे हात आधीपासून तिथे आहेत. जिथे ते नाहीत तिथे आधी ते तयार करण्यावर पैसा आणि वेळ खर्च व्हायला हवा.

उद्योगपतीने स्वतःला संपत्तीचा मालक न मानता विश्वस्त मानावे, हा गांधीजींचा विचार खान्देशाला नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूरलाच झाले होते. विश्वस्त ही कल्पना आजच्या कायद्यापेक्षा व्यापक आहे. ती नफ्याच्या एका हिश्श्याविषयी बोलत नाही, सगळ्या संपत्तीविषयी आणि ती मिळवण्याच्या मार्गाविषयी बोलते. दोन टक्के ही कायद्याने ठरवलेली किमान रेषा आहे. तिला कमाल समजण्याची सवय आपण लावून घेऊ नये.

आता, ज्यांना प्रत्यक्ष काम करायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. कोणती कंपनी कोणत्या जिल्ह्यात किती आणि कशावर खर्च करते, याची माहिती केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर वर्षवार पाहता येते. कंपनीच्या वार्षिक अहवालाला सीएसआरचे परिशिष्ट जोडलेले असते. त्यात प्रकल्पाचे नाव, ठिकाण, रक्कम आणि काम करणारी संस्था दिलेली असते. आपल्या गावाचे नाव त्यात असेल तर त्या रकमेची तुलना गावात दिसणाऱ्या कामाशी करून पाहावी. ज्या संस्थेला कंपनीकडून सीएसआरचे काम घ्यायचे आहे, तिने १ एप्रिल २०२१ पासून मंत्रालयाकडे सीएसआर-१ या अर्जाद्वारे नोंदणी केलेली असणे आवश्यक आहे. फक्त विश्वस्त संस्थेची जुनी नोंदणी पुरत नाही. ज्या कंपनीचे सरासरी दायित्व १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिने १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे, ते पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून परिणाम-मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि तो अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. हे अहवाल वाचण्याची सवय पत्रकारांनी आणि महाविद्यालयांतील अभ्यासकांनी लावली तर पुष्कळ काही हाती लागेल.

प्रस्ताव लिहिताना ग्रामपंचायतीने आपल्या विकास आराखड्यातील गरज आधी मांडावी. कंपनी काय द्यायला तयार आहे, यावरून गरज ठरवू नये. करारात तीन बाबी लेखी असाव्यात: मालमत्ता कोणाच्या नावावर राहील, कंपनीचा काळ संपल्यावर दुरुस्तीचा पैसा कुठून येईल, आणि काम उपयोगी ठरले की नाही हे कोण व कशावरून ठरवेल. पाण्याचे काम असेल तर काम सुरू होण्यापूर्वीची विहिरींची पातळी मोजून नोंदवावी, कारण आधीची नोंद नसेल तर नंतरच्या कोणत्याही दाव्याला अर्थ उरत नाही. पावसाळ्यानंतर आणि मार्च-एप्रिलमध्ये, दरवर्षी त्याच विहिरींची पातळी मोजली तर चार-पाच वर्षांत खरे चित्र समोर येते. हे काम गावातील शाळेची मुलेसुद्धा करू शकतात.

नंदुरबार हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत असल्यामुळे तिकडे कंपन्यांचे लक्ष वाढले आहे आणि ते वाढायलाच हवे. मात्र सातपुड्यातील गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी विशेष अधिकार दिलेले आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कही दिलेले आहेत. तिथे बाहेरून आलेल्या कोणत्याही प्रकल्पाची सुरुवात पाड्यावरच्या ग्रामसभेत, लोकांच्या भिली किंवा पावरी बोलीत, आणि जाहीरपणे खर्चाचे आकडे सांगून व्हायला हवी. रोपे कोणत्या जातीची लावायची, तळे कुठे खोदायचे, अंगणवाडीला नेमके काय हवे, याचा ठराव ग्रामसभेने करावा आणि कंपनीने त्या ठरावाला पैसा द्यावा. सध्या बहुतेक ठिकाणी प्रस्ताव शहरातल्या कार्यालयात तयार होतो आणि ठराव नंतर जोडला जातो. हा क्रम बदलण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. ग्रामसभेचे अधिकार आणि कंपनीचे दायित्व, दोन्ही आजच कागदावर आहेत.